डिश काढून टाकायची म्हणतोय, पण नानांचं काय करू?

घरकोंबडा
नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतोय.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर बारा वर्षांपासून एक डिश आहे. घरात फायबरचं इंटरनेट आलं त्याला दीड वर्ष झालं. मी, बायको आणि मुलगी जे काही बघतो ते इंटरनेटवरच. सेट-टॉप बॉक्स वापरतात ते फक्त नाना, म्हणजे माझे वडील, वय ७६. एका माणसासाठी वेगळी जोडणी, वेगळं बिल, वेगळा रिमोट. परवा पावसात सलग दोन तास पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’. तेव्हा मी सहज म्हटलं, "नाना, काढूनच टाकूया हे."

नाना काही बोलले नाहीत. रिमोट उलटा करून माझ्यापुढे धरला. पाठीवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावलाय आणि त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात बावीस वाहिन्यांचे नंबर आहेत. पुढच्या बाजूचे ५ आणि ७ पार पुसून गेलेत.

तर ज्यांनी केबल किंवा डिश कायमची बंद केली, त्यांचा अनुभव काय? नंतर पस्तावलात का? आणि घरातल्या ज्येष्ठांनी कसं जमवून घेतलं?

उंटावरचा_शहाणा
डिश काढा, नाना ठेवा. पुढचा प्रश्न?

दोन_पोरांची_आई
आम्ही तीन वर्षांपूर्वी काढली. पस्तावलो नाही, पण पहिला महिना विचित्र गेला. आधी टीव्ही लावला की काही ना काही चालू असायचं. आता आधी ठरवावं लागतं. जेवणं उरकून बसलो की चाळीस मिनिटं नुसती चित्रं सरकवायची, ‘हे नको, ते बघितलंय, हे तुझ्या आवडीचं, माझ्या नाही’, आणि शेवटी झोप आली म्हणून उठायचं. नवऱ्याने तर एकदा दीड तासाचा सिनेमा निवडायला सव्वा तास घेतला. आता वार लावून घेतलेत. ज्याचा वार, त्याची निवड, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही.

डिश उतरवली तेव्हा पुढच्या डब्यात, काय म्हणतात ते, एलएनबी, त्याच्या मागे गांधीलमाशांचं पोळं निघालं. वर्षभर आम्ही कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतो की चित्र तुटतं म्हणून!

बिनतारी
धागाकर्ते, तुम्ही इंटरनेटचा वेग सांगितला नाहीत, पण फायबर असेल तर अडचण तिथे नसणार. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ४के ला १५ ते २५ धरा. घरात दोन टीव्ही आणि तीन मोबाइल एकदम चालले तरी ५० मध्ये भागतं.

खरं हिशेबात धरायचं ते महिन्याचं माप. ५ एमबीपीएस म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. नाना दिवसाला चार तास बघत असतील तर रोजचे ९ जीबी, महिन्याचे २७०. तुमच्या जोडणीला मर्यादा असेल तर ती आधी तपासा. मोबाइलच्या डेटावर घरचा टीव्ही चालवू म्हणणारे लोक दहा तारखेलाच गप्प होतात.

आणि टीव्हीला शक्यतो तार द्या. बहुतेकांचं ‘इंटरनेट अडकतं’ म्हणजे वायफाय अडकत असतं. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे एकाच बोळात भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो, पण दोन भिंती ओलांडल्या की दम तोडतो. बऱ्याच टीव्हींच्या मागचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, लोक त्यावरून नाकं मुरडतात. अहो, ४के लाच २५ लागतात, १०० घेऊन काय शेतीला पाणी देणार आहात?

चक्रम
बिनतारीसाहेब, तार वगैरे ठीक. टीव्हीच्या मागे लावायची माझी स्ट्रीमिंग स्टिक दर अर्ध्या तासाने स्वतःहून बंद होऊन परत सुरू होते. ऐन रंगात आलं की कंपनीचा लोगो. दोनदा बदलून घेतली. राउटर बदलला. आता टीव्ही बदलायचा विचार आहे.

बिनतारी
@चक्रम, थांबा! स्टिकला वीज कुठून देताय? टीव्हीच्याच यूएसबीतून ना?

चक्रम
हो. सोबत आलेला ॲडाप्टर खोक्यातच आहे. एक प्लग वाचला म्हणून खूश होतो.

बिनतारी
तिथेच घोडं पेंड खातंय. जुन्या पद्धतीचं यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. स्टिकला जोर लावायची वेळ आली की तेवढ्यात भागत नाही आणि ती मान टाकते. खोक्यातला ॲडाप्टर काढा.

चक्रम
काढला. दोन तास झाले, एकदाही बंद पडली नाही. बायको म्हणतेय त्या बिनतारींना विचारा, आमच्या ह्यांना कुठला ॲडाप्टर लागतो.

उंटावरचा_शहाणा
ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट). वहिनींना दंडवत.

खडूस_म्हातारा
सगळे एका सुरात ‘काढा काढा’ म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. मी ६९ वर्षांचा आहे आणि डिश काढणार नाही.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर बसलाय. तिथून एकदाच प्रक्षेपण होतं आणि खाली दहा घरं बघोत की एक कोटी, त्याला काडीचा फरक पडत नाही. तुमच्या स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक घराला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. म्हणून मोठ्या सामन्याच्या दिवशी, जेव्हा सगळ्यांना एकदम बघायचं असतं, नेमकं तेव्हाच चाक गरगरतं. पावसात डिश रुसते हे मान्य. केयू बँडच्या लहरी दहा-बारा गिगाहर्ट्झच्या, पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. पण पाऊस थांबला की चित्र परत. इंटरनेट गेलं तर टीव्ही गेला, फोनचं वायफाय गेलं, आणि तक्रार नोंदवायचं ॲपही गेलं.

दुसरं म्हणजे उशीर. मी सामना डिशवर बघतो, वरच्या मजल्यावरचा तरुण स्ट्रीमिंगवर. विकेट पडली की मी टाळी वाजवतो आणि मग तो बिचारा अर्धा मिनिट विकेट कधी पडते याची वाट बघत बसतो. मुद्दाम जोरात वाजवतो, खोटं कशाला बोलू.

नवखी
काका, तुम्ही फार दुष्ट आहात :)

उंटावरचा_शहाणा
@खडूस_म्हातारा, तो वरचा तरुण मीच असावा अशी शंका येतेय. आमच्याही खालून टाळ्या येतात. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलं होतं, ३४ सेकंद. आता तर चेंडू टाकायच्या आधी खालून ‘अरेरे’ ऐकू आलं की मी उठून पाणी प्यायला जातो, बघायचं काय उरलं?

बिनतारी
काका, उशिराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. गंमत अशी की उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला साधारण पाव सेकंदच लागतो. स्ट्रीमिंगचं अंतर कितीतरी कमी असूनही ते मागे पडतं, कारण चित्र तुकड्या-तुकड्यांत येतं. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस ही स्ट्रीमिंगची पद्धत आणली तेव्हा दहा सेकंदांचा एकेक तुकडा असायचा, पुढे सहाची शिफारस आली. प्लेअर मधे अडकू नये म्हणून ताज्या तुकड्याच्या तीन तुकडे मागूनच सुरुवात करतो. झाले की नाही अठरा ते तीस सेकंद? वर कोडिंगचा वेळ वेगळा. कमी उशिराच्या पद्धती आल्यात, पण त्या वापरायच्या की नाही हे सेवा देणारा ठरवतो. जेवढा उशीर कमी, तेवढा अडकायचा धोका जास्त.

मात्र ‘प्रत्येक घराला स्वतंत्र प्रवाह’ म्हणजे प्रत्येक प्रवाह समुद्रापलीकडून येतो असं नाही. मागणी असलेल्या मालिका-सिनेमांच्या प्रती तुमच्या इंटरनेटवाल्याच्या जवळपासच्या सर्व्हरवर आधीच ठेवलेल्या असतात. थेट सामन्यात ती सोय अर्धीच कामी येते, कारण तिथे साठवायला आधीचं काही नसतंच.

खडूस_म्हातारा
म्हणजे मी म्हणालो तेच, फक्त लांबण लावून.

बिनतारी
हो काका.

नवखी
एक बावळट प्रश्न. आईकडच्या जुन्या टीव्हीला मी ऑनलाइन एक स्वस्तातला बॉक्स घेऊन लावला. खोक्यावर ४के लिहिलंय. पण पैसे भरून घेतलेल्या ॲपवर चित्र धूसरच दिसतं, चेहऱ्यांवर पाणी ओतल्यासारखं. फुकटचे व्हिडिओ मात्र झक्क. इंटरनेट ४० एमबीपीएस आहे.

बिनतारी
बावळट अजिबात नाही, यात भले भले फसलेत. बॉक्समध्ये वाइडवाइनची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाची, कुठली पातळी आहे बघा. एल१ असेल तरच बहुतेक सशुल्क सेवा एचडी आणि त्यापुढचं चित्र देतात. एल३ असेल तर मुद्दाम कमी दर्जाचं पाठवतात, चोरून नक्कल होऊ नये म्हणून. खोक्यावरचं ‘४के’ बॉक्सची ताकद सांगतं, परवानगी नाही. पातळी तपासणारी छोटी ॲप्स मिळतात. एल३ निघालं तर परत करा, दुरुस्ती काही नाही.

नवखी
एल३. परत करायची मुदत मागच्या आठवड्यात संपली. आई म्हणते तिला आधीपासूनच असंच दिसतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय.

तारांबळ
कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. एक बिल वाचवायला गेलो आणि पाच झाली! एक मालिका इथे, दुसरी तिथे, खेळ तिसरीकडे, लहान मुलांचं चौथीकडे. आणि यातली दोन तर जाहिरातीही दाखवतात. केबल सोडली ती कशासाठी होती, आठवतंय का कोणाला?

दोन_पोरांची_आई
@तारांबळ, पाचही एकदम ठेवायची नाहीत. आमच्याकडे एका वेळी एकच. महिनाभर ती पिळून घ्यायची, मग बंद करून पुढची. ज्या दिवशी पैसे भरले त्याच दिवशी स्वयंचलित नूतनीकरण बंद करून टाकायचं, महिना संपेपर्यंत बहुतेक सेवा चालू राहतात. मी फ्रिजवर कागद लावलाय, कुठली कधी संपते त्याचा. वार्षिक वर्गणी स्वस्त दिसते, पण अकरा महिने कोणी उघडतही नाही.

तारांबळ
शिस्त हवी त्याला. आमच्याकडे फ्रिजवर कागद लावला तर त्यावर मुलगा डायनोसॉर काढतो.

अवलिया
सोयीचं सगळे बोलतायत, खासगीपणाचं कोणी बोलेना. साधी डिश एकतर्फी असते. वरून येतं, खालून परत काही जात नाही. तुम्ही काय बघता हे उपग्रहाला कळायचा मार्गच नाही. स्मार्ट टीव्ही मात्र पडद्यावर काय चाललंय ते ओळखून घरी कळवू शकतो, अगदी एचडीएमआयच्या तारेने बाहेरच्या बॉक्समधून आलेलं चित्रसुद्धा. विझिओ या टीव्ही कंपनीवर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, यासाठीच कारवाई केली. १ कोटी १० लाख टीव्हींमधून न विचारता माहिती गोळा होत होती. कंपनीला पैसे भरून प्रकरण मिटवावं लागलं.

चक्रम
माझ्या टीव्हीने कळवलं तरी काय कळवणार? की हा माणूस रोज अर्धा तास तोच लोगो बघतो.

अवलिया
:) तरी सेटिंगमध्ये जाऊन ‘पाहण्याची माहिती’ किंवा ‘आवडीनुसार जाहिराती’ अशा नावाखाली दडवलेलं ते बटण बंद करा. प्रत्येक कंपनी नाव वेगळं ठेवते आणि शक्य तितक्या खोल तळघरात ठेवते.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: डिश काढली की भिंतीतून आलेल्या त्या काळ्या तारेचं काय करायचं? आमच्या दिवाणखान्यात ती सापासारखी बाहेर आलीये. मुलगी तिला रोज नवीन नाव देते.

बिनतारी
फेकू नका! राउटर एका टोकाला आणि टीव्ही दुसऱ्या टोकाला असेल, आणि दोन्हीकडे ती कोॲक्सिअल तार पोचत असेल, तर मोका नावाचे ॲडाप्टर मिळतात. दोन टोकांना दोन लावायचे, तीच तार इंटरनेटची तार होते. वेग वायफायपेक्षा कितीतरी भरवशाचा. फक्त त्या तारेवर डिश जोडलेली ठेवू नका. डिशकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि मोकाही त्याच पट्ट्यात बोलतो, दोघांचं पटत नाही. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्या तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, तेव्हा बॉक्स आधी सोडवा.

खडूस_म्हातारा
यांना कोणीतरी वेगळा धागा काढून द्या.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय. सगळे तारेत आणि बिलात अडकलात, धागाकर्त्यांनी नानांचं विचारलं होतं.

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही चूक केली. ते चार दिवस बाहेरगावी गेले असताना बॉक्स काढून नवीन बसवलं, वाटलं खूश होतील. आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, रिमोट घेतला. त्याला आकडेच नव्हते. एक गोल, चार बाण आणि तीन ॲपची चित्रं. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला आणि पेपर वाचायला घेतला. पुढचे दोन महिने ते टीव्ही बघतच नव्हते. आम्हाला वाटलं वयानुसार आवड कमी झाली असेल. मग एकदा शेजारी गेलेले असताना मी त्यांना तिथे ताठ बसून बातम्या बघताना पाहिलं. ‘मला हे लावता येत नाही’ असं सुनेला म्हणायचं जड गेलं असणार त्यांना.

त्यांना मालिका निवडायच्या नव्हत्याच. त्यांना हवं होतं लावलं की चालू झालेलं काहीतरी, कधी लावलं तरी तिथेच असणारं. आता थेट वाहिन्या दाखवणारं ॲप आहे, त्यात त्यांच्या आठ वाहिन्या आवडत्यांमध्ये टाकल्यात. टीव्ही सुरू केला की थेट तेच ॲप उघडावं अशी सोय सेटिंगमध्ये असते, सगळ्या टीव्हींत नाही पण असते. एचडीएमआय-सीईसी सुरू केलं की एकाच रिमोटने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चालू-बंद होतात. आणि आकडे असलेला रिमोट मुद्दाम शोधून घेतला, मिळतो. सगळं केलं, पण ते दोन महिने काही परत आले नाहीत.

तेव्हा नानांच्या देखत, त्यांच्या हातानेच बदला. आणि डिश लगेच बंद करू नका.

दोन_पोरांची_आई
ताई, लिहीत जा हो तुम्ही. हे वाचून आईला फोन केला.

तारांबळ
अनुमोदन. बोलून वाहिनी लावायची सोयही उपयोगी पडते, थोडा संयम हवा. आमच्या आईने रिमोटमध्ये तोंड घालून ‘बातम्या’ म्हटलं आणि त्याने ‘बाटल्या’ ऐकलं. जुन्या बाटल्या रंगवायचे व्हिडिओ लागले. बंद करेपर्यंत तिने तीन बघितले. आता खिडकीत सात रंगीत बाटल्या आहेत आणि बातम्या बंद आहेत.

उंटावरचा_शहाणा
घरात शांतताही असेल मग.

घरकोंबडा
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलोय. उशिराबद्दल क्षमस्व (मी स्ट्रीमिंगवर आहे).

वाचनमात्र ताई, तुमचा प्रतिसाद बायकोने मला दोनदा वाचायला लावला. डिशची जोडणी चालू ठेवली. नानांसमोर बसून म्हटलं, महिनाभर दोन्ही ठेवू, तुम्हाला नको असेल तर नवीन काढून टाकू. बावीस वाहिन्यांची यादी पुठ्ठ्यावरून उतरवून घेतली तेव्हा कळलं की त्यातल्या नऊ वाहिन्या केव्हाच बंद झाल्यात किंवा त्यांचे नंबर बदललेत. "मग खोडल्या का नाहीत?" विचारलं तर म्हणाले, "परत आल्या तर?"

उरलेल्या तेरापैकी अकरा थेट वाहिन्यांच्या ॲपमध्ये मिळाल्या. टीव्हीला तार दिली. (बिनतारी, मोका लागला नाही, तुमच्यासाठी वाईट वाटलं.) आकड्यांचा रिमोट घेतला, पण गंमत म्हणजे नानांनी तो ठेवून दिला. त्यांना बाणांचा आवडला, बटणं मोठी आहेत म्हणून. नवीन पुठ्ठा तयार झालाय. त्यावर लिहिलंय: ‘घराचं चित्र – खाली दोन – उजवीकडे एक – मधलं दाबा – थांबा.’ त्या ‘थांबा’खाली दोन रेघा.

मागच्या मंगळवारी ॲप आपोआप अद्ययावत झालं आणि सगळी चित्रं एक घर सरकली. मी ऑफिसात होतो. फोन आला, "अरे, उजवीकडे एकच्या ठिकाणी दोन करू ना?" म्हटलं करा. म्हणाले, "पेन्सिलीने करतो."

डिशचं बिल या महिन्यात भरलं नाही, नानांनीच सांगितलं भरू नको म्हणून. डिश मात्र अजून कठड्यावर आहे, कारण तिच्या वाटीत कबुतराने दोन अंडी घातलीत.

खडूस_म्हातारा
नानांना माझा नमस्कार सांगा. आणि सामना बघायचा असेल तर म्हणावं इकडे या.

उंटावरचा_शहाणा
टाळ्या हळू वाजवा म्हणजे झालं.

चक्रम
पिल्लं उडाली की फोटो टाका.